टायमर चहाचा होता

आमच्या लॅबमध्ये कुणाच्या नळ्यांना कुणी हात लावायचा नाही. एक वेळ ताटातलं उचलून खा, पण नळी? खबरदार! त्यात नळ्या माझ्या असल्या तर विचारूच नका. मला इथे उगाच लवंगी म्हणत नाहीत. पीएचडीचं शेवटचं वर्ष, डोकं आधीच तापलेलं.

त्या दिवशी पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, जागेसाठी एक बाई मुलाखतीला आली होती. नवरा याच शहरात हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, लहान मुलगी त्याच्याजवळ, आणि ही दूर परगावी एकटी संशोधन करत बसलेली. महिन्यातून एकदा भेट. तिच्या विषयाचं काम या शहरात फक्त आमच्याकडे चालतं, म्हणजे ही जागा हुकली की पुन्हा ताटातूट. हे सगळं तिने आल्या आल्याच सांगून टाकलं. बाई भलतीच मोकळी वाटली मला.

आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम अजून यायच्या होत्या. तिला माझ्या टेबलापाशी बसवलं, चहाच्या आधणासाठी लावलेला टायमर तिथेच, गरम पाण्यात ठेवलेल्या माझ्या नळ्यांशेजारी विसरले आणि आत गेले. परत येते तर काय! गरम पाण्यातल्या नळ्या बर्फात.

"कोणी हात लावला?" मी अशी ओरडले की शेजारच्या खोलीतलेही डोकावले.

ती उभी राहिली. "मी लावला. टायमर वाजत होता, कोणी येईना. वाटलं, वेळ संपली, सॅम्पल वाया जाईल."

"अहो, तो चहाचा होता! नळ्यांना अजून तासभर होता!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. आता रडते की काय, असं वाटलं. पण तिने विचारलं, "थोडं सॅम्पल उरलंय?"

"आहे," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"मग माझं मुलाखतीचं भाषण झालं की पुन्हा लावू. तुमची हरकत नसेल तर."

भाषण छान झालं. मॅडमनी जेवायला बोलावलं, तर "तुम्ही व्हा पुढे" म्हणून ही माझ्याकडे आली आणि हातमोजे चढवले. प्रत्येक नळी उचलण्याआधी विचारायची, "हिला हात लावू?" शेवटी मी वैतागले. "अहो, लावा की आता!" तशी ती हसली, मलाही हसू फुटलं आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. दुपार मजेत गेली.

संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. "नवीन माणूस जिच्या शेजारी बसणार, तिला आधी विचारायचं, हा आपला नेम. शिवाय नुकसान तुझं झालंय. बोल."

"घ्या तिला," मी म्हटलं. "चारजण ये-जा करत होते. गप्प बसली असती तर कुणी केलं ते कळलंही नसतं. आणि टायमरचं म्हणाल तर ती माझीच अक्कल."

मॅडम हसल्या. "जा मग, तूच सांग."

ती बेसिनपाशी हात धूत होती. ऐकलं तशी तिने नळ बंद केला. ओल्या हातानेच घरी फोन लावला आणि पलीकडून मुलीचा आवाज आला, तर हिला बोलताच येईना. नुसते हुंदके. पोर घाबरेल म्हणून फोन मीच घेतला.

"अगं, तुझ्या आईला इथेच नोकरी लागली. आता ती रोज घरी येणार."

"रोज? झोपायला पण?"

"हो गं राणी," मी म्हटलं, "झोपायला पण."