शेंगदाण्याच्या वडीचा कागद

ॲडलेडच्या एका शाळेत मी झाडलोट करतो. इथं पोरांनी डबा खाल्ला की खाऊचे कागद डब्यातच ठेवून बाईंना दाखवायचे, मगच खेळायला सुटी. सात वर्षांची टाहनी घरून रिकामा डबा आणायची आणि शाळेबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपातले कागद त्यात भरायची. मी पाहिलं तेव्हा रडायलाच लागली. "बर्नीकाका, सांगू नका हं. घरात खायला नाही कळलं तर सरकारी माणसं मला आईपासून नेतील." शेजारची दोन पोरं तशीच नेली होती.

काल प्रिचर्डबाईंनी तिच्या डब्यातून एक कागद उचलला. "शेंगदाण्याची वडी? शाळेत बंदी आहे ना? एखाद्या पोराला बाधलं तर जीव जाईल! थांब, आईलाच फोन लावते."

टाहनी पांढरीफटक पडली.

"बाई, वडी मी खाल्ली," मी मधे पडलो. "कागद गंमत म्हणून हिच्या डब्यात टाकला."

"एवढे म्हातारे झालात, लाज नाही वाटत?"

"वाटते ना, पण भूक जास्त लागते."

टाहनीनं माझी बाही घट्ट धरली. "फोन नाही ना लावणार?" ती पुटपुटली.

मी बाईंकडे पाहिलं. त्या डब्यातला एकेक मळका कागद वर काढून बघत होत्या.