पिंप भरून जाणारा

एमर्सन बित्सिली टेकाड उतरून आला तेव्हा म्हातारी पिंपातले पाणी वाळूत ओतून देत होती.

त्याने गाडी अंगणापासून दूर थांबवली आणि घरच्यांचे लक्ष जाईपर्यंत तो आतच बसून राहिला. समोर पूर्वेकडे तोंड करून असलेले होगन, म्हणजे लाकडामातीचे लिंपलेले गोल घर, बाजूला जुनिपरच्या ओंडक्यांचा मेंढवाडा आणि हाकेच्या अंतरावर दाराला फळ्या ठोकलेले दुसरे होगन. त्यापलीकडे नजर पुरेपर्यंत काहीच नव्हते. असल्या मुलखात कुणी पाणी ओतून देताना त्याने पाहिले नव्हते. वाळू ते घटाघटा पीत होती आणि क्षणात पुन्हा कोरडी होत होती.

शेवटी म्हातारीने ओठ पुढे काढून त्याला यायची खूण केली.

“कुणाचा रे तू?”

“कडू पाण्याच्या कुळात जन्मलो, मावशी. बाप मिठाच्या कुळातला.”

“मग मावशी म्हणालास ते बरोबरच. मीही कडू पाण्याचीच.” म्हातारी नानाबाहने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले, डोळे मात्र टाळून. “एवढा हडकलास कशानं? बायको जेवायला घालत नाही?”

“बायको नाही.”

“तरीच.”

होगनमधून तिची भाची लॉरिंडा बाहेर आली. तालुक्याच्या गावी शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करी आणि पोलिसांत वर्दी तिनेच दिली होती. “एकटेच आलात?” ती म्हणाली. “आणि तो सापडला तर बेड्या कुठं घालणार? पुढच्या पायांना?”

“लॉरिंडा!” म्हातारी दबक्या आवाजात ओरडली. “असलं उघड्यावर बोलू नये.”

एमर्सन हसला नाही. थट्टा समजायला त्याला नेहमीच जरा वेळ लागे आणि समजेपर्यंत हसण्याची वेळ टळून गेलेली असे. नवाहो जमातीच्या पोलिसांत त्याला लांबलांबच्या एकट्या घरांची कामे मिळत, ती बहुधा यामुळेच. तीही त्याला आवडत. पन्नास-पन्नास मैल गाडीत कुणाशी बोलावे लागत नसे.

हकिगत अशी होती. उन्हाळ्यापासून नानाबाह मेंढ्या घेऊन परतली की अधूनमधून पिंप काठोकाठ भरलेले असे. कधी फोडलेली लाकडेही रचून ठेवलेली असत. सरकारी टँकर येतो, असे तिला वाटले. मग टँकरवाला बाजारात भेटला आणि म्हणाला की ओढ्याने रस्ता खाल्ल्यापासून तो या बाजूला फिरकलेलाच नाही. आणि परवा एक मेंढी लंगडू लागली म्हणून ती उन्हे वर असतानाच परत फिरली, तर पिंपापाशी ते उभे होते.

“माणसासारखं उभं होतं,” ती म्हणाली, “पण डोकं नव्हतं. खांद्यावर नुसती लोकर. माझा कुत्रा भुंकलासुद्धा नाही. मग ते धावत सुटलं.”

ज्यांचे नाव कुणी घेत नाही, जी माणसे जनावराचे कातडे पांघरून फिरतात आणि मेलेल्यांच्या हाडांची पूड घराघरांत टाकतात, त्यांच्याविषयी ती बोलत होती. पाण्यातही त्यांनी काही कालवले असणार, म्हणून ती पिंप ओतून देत होती आणि प्यायचे पाणी आणायला पार कपारीतल्या झऱ्यावर जात होती. चालताना तिचा एक गुडघा वाकत नव्हता.

“शनिवारी ट्रक येतोय,” लॉरिंडा म्हणाली. “मेंढ्या माझ्या नवऱ्याचा भाऊ घेईल. मावशी माझ्याकडं राहील, दोन खोल्यांत. टीव्ही आहे, नळ आहे.”

“मेंढ्या नाहीत,” म्हातारी म्हणाली.

“मग इथं राहून मरायचंय का तुला?”

नानाबाह फळ्या ठोकलेल्या होगनकडे पाहत नव्हती, आणि ते न पाहणे इतके सावध होते की एमर्सनच्या ते लगेच ध्यानात आले. तिथे तिची लेक राहत असे. मागच्या हिवाळ्यात शहरातल्या इस्पितळात ती वारली. मेलेल्याचे नाव घ्यायचे नसते, म्हणून तिचे नाव आता कुणी उच्चारणार नव्हते. पण ते न उच्चारलेले नाव त्या अंगणात एखाद्या बसलेल्या माणसासारखे जागा अडवून होते.

तो एकटाच माग काढत निघाला. बुटांचे ठसे टेकाडामागून आले होते. तिथे पिकअप उभी केल्याच्या खुणा होत्या. मागचे एक टायर साफ गुळगुळीत झालेले. तिथून इथवर पाणी खांद्यावरून आणलेले दिसत होते, कारण येताना टाच खोल रुतली होती आणि जाताना उथळ. हाडांची पूड टाकायला आलेला माणूस एवढे ओझे एवढ्या लांबून वाहून का आणील? गाडी सरळ दारात का आणणार नाही?

पिंपापासून मात्र ठसे धावत निघाले होते आणि थेट मेंढवाड्याच्या कुंपणाला जाऊन भिडले होते. वळसा नाही, अडखळणे नाही, पाय आवरल्याची खूण नाही. एमर्सन खाली बसला. कुंपणाच्या ओंडक्यावर, भुवईच्या उंचीवर, रक्त वाळले होते आणि सालीच्या फटीत लोकरीचा पुंजका अडकला होता.

लख्ख उन्हात, माणसाच्या उंचीचे कुंपण, आणि हा त्याच्यावर जाऊन आदळला.

वाऱ्याने ठशांच्या कडा हळूहळू ढासळत होत्या. ओळख लपवायची असेल तर माणूस तोंड झाकतो, पण डोळ्यांपुरती फट ठेवतो. या माणसाने ती ठेवली नव्हती. आपण कुणाला दिसू नये एवढेच याला हवे नव्हते. कुणीतरी आपल्याला दिसू नये, हे त्याला त्याहून अधिक हवे होते.

आणि मग त्याला आपला बाप आठवला. आजीची घोडागाडी अचानक वळणावर यायची आणि बाप हॅट तोंडावर ओढून रस्त्याकडेच्या चरात उडी मारायचा. आजी तिकडे शाल डोक्यावरून घेऊन पाठ फिरवायची. पोरे खिदळायची. सासूने जावयाला आणि जावयाने सासूला पाहायचे नाही. पाहिले तर डोळे जातात, असे मोठी माणसे सांगत. चरातून बाप विचारायचा, “गेली का रे?” आणि पोरे मुद्दाम नाही म्हणायची.

परत आल्यावर त्याने म्हातारीला एवढेच विचारले, “मावशी, जावई कुठं असतो आता?”

“होता तो,” ती म्हणाली. “क्लाह. लेस्टर क्लाह. ती गेल्यावर तोही गेला, आपल्या माणसांकडं. जायचंच असतं. नातं जिच्यामुळं, तीच राहिली नाही तर पुरुषानं बायकोच्या आईकडं थांबून करायचं काय?”

लेस्टर क्लाह चिनले गावच्या रस्त्यावर एका टायरच्या दुकानात सापडला. शोधायला फारसे श्रम पडले नाहीत. दुकानापुढे गुळगुळीत टायरची पिकअप उभी होती आणि तिच्या हौद्यात पाण्याचे डबे होते. पन्नाशीचा, रुंद तोंडाचा माणूस. कपाळावर पट्टी.

“काय झालं?” एमर्सनने विचारले.

“गाडीचा जॅक निसटला.”

एमर्सनने खिशातून लोकरीचा पुंजका काढला. “हल्ली जॅकला लोकर फुटते?”

लेस्टरने पुंजक्याकडे पाहिले आणि नाकातून हवा सोडली. ते हसूही असेल. “सीटवरचं मेंढीचं कातडं हाताशी होतं, तेच ओढून घेतलं. अवेळी आली ती. तिनं पाहिलं मला?”

“मेंढी पाहिली. दोन पायांची.”

“तोंड?”

“नाही.”

“मग ठीक.” त्याचे खांदे सैल झाले. “मीही नाही पाहिलं. पाऊल वाजल्याबरोबर झाकून घेतलं.”

“पाणी ती ओतून देते,” एमर्सन म्हणाला.

लेस्टरने हातातला पाना खाली ठेवला. “सगळं?”

“सगळं. झऱ्यावर जाते. त्या गुडघ्यानं. आणि शनिवारी मेंढ्या विकून भाचीकडं चालली. तसला कुणी घराभोवती फिरतोय म्हणून.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याची धूळ दोघांच्यामध्ये येऊन बसली.

“तिच्या शेजारी आयुष्य काढलं,” लेस्टर म्हणाला. “तिच्या हातची भाकरी खाल्ली. रोज सकाळी मेंढ्यांना शिव्या घालायची, त्या ऐकून उठायचो. पण इथं, या दुकानात येऊन उभी राहिली ना, तरी ओळखायचो नाही. कधी पाहिलीच नाही.”

“तिला सांगू या. तुम्ही आहात म्हणून. भीती जाईल.”

“नको.”

“का? आता कसली आडकाठी? जिच्यामुळं…” एमर्सन थांबला.

“बोला ना. तेच.” लेस्टरने एक रिकामा डबा उलटा केला आणि त्यावर बसला. “रीतीनं मी माझ्या माणसांत परत गेलो. आई कधीच गेली. बहीण नाही. घराच्या जागी गेलो तर नुसता वारा. म्हातारीला कळलं तर ती म्हणेल, आता कसली लाज, ये, समोर बस, जेव. मी बसेन. जेवेन. पण उठेन तेव्हा मी तिचा कोण असेन? आता निदान लपतो तरी. परक्यापासून कुणी लपतं का?”

टायरची एक ट्यूब पाण्यात बुडवून ठेवली होती आणि तिच्यातून एकेक बुडबुडा वर येत होता. दोघेही तिकडे पाहत राहिले.

“कुणीतरी पाणी न्यायलाच हवं ना,” लेस्टर अखेर म्हणाला.

शनिवारी एमर्सन पोहोचला तेव्हा ट्रक उभा होता आणि लॉरिंडा गाद्यांच्या वळकट्या बांधत होती. मेंढ्या अजून वाड्यात होत्या. त्यांच्यात नानाबाह उभी होती आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून पुढे सरकत होती. वाटभर त्याने मनाशी वाक्ये जुळवली होती. नाव घेतले तर त्या माणसाचे शेवटचे उरलेले काहीतरी आपण मोडणार, आणि न बोललो तर ही म्हातारी दोन खोल्यांत जाऊन बसणार. कुंपणाशी आल्यावर जुळवलेले एकही वाक्य त्याच्याजवळ उरले नाही.

“मावशी,” तो म्हणाला, “त्या दिवशी जो पळाला ना, त्यानं डोळे झाकले होते. स्वतःचे.”

नानाबाहचा हात एका मेंढीच्या मानेवर थांबला.

मेंढी कंटाळून निघून गेली. हात हवेतच राहिला. मग तिने विचारले, “किती लागलं?”

“भुवईच्या वर. टाके पडलेत.”

“मूर्ख,” ती हळूच म्हणाली. “लग्नातसुद्धा असाच. आत सगळे जेवत होते, हसत होते आणि मी बाहेर लाकडांच्या ढिगामागं बसले होते. बाहेर येताना हा त्या ढिगावरच धडपडला. डोळे मिटून चालत होता. मीही मिटले. नुसता आवाज ऐकला.” ती थांबली. “एवढ्या लांबून आणायचा? खांद्यावर?”

“टेकाडामागून.”

तिने मान वळवली आणि पहिल्यांदाच जवळजवळ त्याच्या डोळ्यांपर्यंत नजर आणली.

“कसा दिसतो रे?”

एमर्सनने तोंड उघडले. त्याच्यापुढे तो चेहरा स्पष्ट होता: रुंद ओठ, कानाशी पांढरे झालेले केस, हसण्याआधीच मावळणारे हसू. इतकी वर्षे जी माहिती कुणी हिला दिली नव्हती ती त्याच्या जिभेवर होती.

“नको,” ती घाईने म्हणाली. “नको, सांगू नकोस.”

लॉरिंडा वळकटी घेऊन आली. “चल ना मावशी, ऊन चढतंय. मेंढ्या भरायला वेळ लागेल.”

“मी येत नाही.”

“अगं! आणि तो तसला परत आला तर?”

“तसला नाही तो. आपला आहे.”

“आपला म्हणजे कोण?”

“मी गेले,” म्हातारी म्हणाली, “तर तो तोंड कुणापासून लपवील?”

लॉरिंडाने एमर्सनकडे पाहिले. त्याने बुटांकडे पाहिले. तिला उमगायला थोडा वेळ लागला. उमगले तेव्हा तिने वळकटी अंगणातच खाली ठेवली आणि ती तिच्यावरच बसली. “काल रात्रभर बांधत होते मी,” ती म्हणाली. “कुणी आधी सांगायचं नाही का?”

ट्रक रिकामाच परत गेला. निघताना एमर्सनला नानाबाहने गाडीपाशी गाठले. तिला निरोप धाडायचा होता, पण तो कुणाला हे ती म्हणाली नाही.

“कुणी विचारलं तर सांग, मी परतताना आता मोठ्यानं गात येईन. टेकाडापलीकडून ऐकू जाईल एवढं. आणि धुराडं गळतंय म्हणावं. ते मी मेंढ्यांना सांगतेय. ज्याला ऐकू येईल त्याला येईल.”

“सांगतो.”

“तूही येत जा. तुला काय, उघड्या तोंडानं येता येतं.”

ती चेष्टा होती. या वेळी ती त्याला लगेच समजली, पण हसू आले नाही. त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली. टेकाडाच्या माथ्यावर पोहोचल्यावर त्याने ती पुन्हा बंद केली. खाली म्हातारी मेंढ्या बाहेर काढत होती आणि गायचा सराव करत होती. सूर कुठल्या कुठे जात होता, मध्येच एखाद्या मेंढीला शिवी, मग पुन्हा गाणे. कोरड्या हवेत ते खूप दूरवर पोहोचत होते.

ते त्याच्यासाठी नव्हते. तरी काच खाली करून तो ऐकत बसला.