संध्याकाळचा गिलावा

नव्या घराच्या भिंती आपणच करायच्या असं दोघांनी ठरवलं, तेव्हा नवऱ्याला थापी कोणत्या बाजूने धरतात हेही ठाऊक नव्हतं. तो औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. घर जुनं, दोन खोल्यांचं. आधीच्या मालकांनी रंगावर रंग चढवून भिंती इतक्या जाड केल्या होत्या की खरवडताना कांदा सोलल्यासारखे पापुद्रे निघत. दोघांनी महिनाभर कामं बंद ठेवली, तोंडाला फडकी बांधली आणि पाच दिवसांत विटा उघड्या केल्या.

सहाव्या दिवशी तिचे वडील आले. आप्पांनी चाळीस वर्षं गिलावा केला होता. लोक त्यांना मिस्त्री म्हणूनच ओळखत. आता हात कापत होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत, तरी बशीत सांडे. पण जावई भिंत करणार हे ऐकून त्यांना घरी बसवेना. पुढच्या खोलीची मोठी भिंत मी करणार, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं, आणि मुलीला मिश्रण कालवायला लावलं.

हे काम तिला नवं नव्हतं. लहानपणी ती वडिलांच्या हाताखाली पाणी वाहायची. आप्पांनी हातात थापी दिली ती थोरल्या मुलाच्या. त्याला पाच वर्षं शिकवलं, आणि तो सगळं टाकून ट्रक चालवायला गेला. तिने एकदा थापी मागितली होती. तेव्हा ते म्हणाले होते, मुलींच्या हाताला दाब नसतो. ती पुन्हा मागायला गेली नाही. पाणी वाहता वाहता बघत मात्र राहिली.

गिलाव्याच्या पहिल्या दिवशी आप्पांनी भिंतीचा एक पट्टा लावला. चार वाजता ते बसने घरी गेले, कारण अंधार पडायला लागला की त्यांना दिसत नसे. दोघं त्या पट्ट्यासमोर उभे राहिले. गिलावा कुठे बोटभर जाड होता, कुठे वीट डोकावत होती. नवरा म्हणाला, उद्या गोड बोलून सांगू. गिलावा अजून ओला होता. तिने तो खरवडून घमेल्यात घेतला, बाजूला ठेवला, नवीन मिश्रण कालवलं आणि थापी उचलली. जेवायच्या वेळेपर्यंत पट्टा काचेसारखा सपाट झाला होता. नवऱ्याने विचारलं, हे तू कधी शिकलीस? ती म्हणाली, शिकले नाही.

सकाळी आप्पा आले. चष्मा काढून त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीवर तळवा ठेवला. डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता, तळव्यावर होता. तळवा वरून खाली आला, आडवा गेला, कोपऱ्यात थांबला.

"बघा जावईबापू," ते म्हणाले, "याला म्हणतात हात. असं काम शंभरात एखादा करतो."

ती दाराशी पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली.

काल भिंत खडबडीत वाटत होती, हे त्यांच्याही लक्षात होतं. पण त्यांनी त्याचं कारण शोधून ठेवलं होतं. माझा गिलावा रात्रीतून बसतो, असं ते सांगू लागले. इतरांचा वाळून तडकतो, माझा वाळून सरळ होतो. जावयाने मान डोलावली.

मग रोज तेच. दिवसा आप्पा लावायचे, चारला जायचे. ती खरवडायची, पुन्हा लावायची. सकाळी तळवा फिरायचा. एके दिवशी ते म्हणाले, या कोपऱ्यात पाणी ठेवलं तर ओघळायचं विसरेल. एके दिवशी म्हणाले, पोराने हे शिकून घेतलं असतं तर राजा झाला असता. ती ऐकायची, आणि त्या दिवशी भिंत आणखी बारकाईने घासायची. बोटांची सालं निघाली. नवरा म्हणाला, आता पुरे, सांगून टाक. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं नाही. तिच्या जिभेवर ते वाक्य इतकं सहज यायचं की तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

मन मोडत होतं ते नवऱ्याचं. आतल्या खोलीची भिंत तो स्वतः करत होता, आणि आप्पा दिवसभर त्याला धारेवर धरत. तुम्ही गोळ्या मोजा जावईबापू. मांजराने शेपटीने लावला तर याहून बरा लागेल. ही भिंत आहे की आजारी माणसाची जीभ? तो हसून घेई. गिलाव्याच्या आठव्या दिवशी हसायचा थांबला.

नवव्या दिवशी आप्पा एक बातमी घेऊन आले. त्यांच्या हाताखाली शिकून मोठा झालेला एक ठेकेदार होता. त्याला एका सभागृहाच्या कामासाठी नव्या कामगारांना शिकवणारा माणूस हवा होता. आप्पांनी त्याला भिंत बघायला बोलावलं होतं, उद्या दुपारी. भिंत बघून तो नाही म्हणूच शकणार नाही, असं ते म्हणाले. सात वर्षांत कुणी मला कामाला बोलावलं नाही, हेही म्हणाले, पण हळू.

त्या संध्याकाळी नवरा बायकोवर चिडला. आता तरी सांग, नाहीतर उद्या चारचौघांत त्यांची शोभा होईल. ती त्या दिवशीचा पट्टा लावत होती. हात न थांबवता म्हणाली, उद्या झाल्यावर सांगते. ठेकेदार काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा नवे कपडे घालून आले. दुपारी ठेकेदार दोन तरुण कामगारांना घेऊन आला. त्याने भिंतीला लांब पट्टी लावली, बाजूने बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. मग म्हणाला, मिस्त्री, तुमच्या उमेदीतही तुम्ही असं काम केलं नव्हतं. आप्पांची मान ताठ झाली. तिने ओठ आत घेतले आणि जमिनीकडे पाहिलं.

मग त्याने अगदी आदराने दाराच्या चौकटीशेजारचा अजून कोरा राहिलेला पट्टा दाखवला. माझ्या पोरांना एवढा लावून दाखवा, त्यांना कळू दे.

आप्पांनी थापी घेतली. पहिला थर भिंतीला लागायच्या आधी त्यांच्या पायावर पडला. दुसरा लागला आणि पोट फुगून लोंबला. तिसऱ्या वेळी थापी विटेवर आपटून खणखणली. एक कामगार खांद्यात तोंड लपवून हसला. आप्पा म्हणाले, मिश्रण पातळ झालंय, जावईबापूंनी मध्येच पाणी ओतलंय, त्यांना अंदाज नाही.

"मिश्रण रोजचंच आहे, आप्पा," जावई म्हणाला. "रोज संध्याकाळी तुमचं खरवडून ती नवं लावते. पहिल्या दिवसापासून."

ठेकेदाराने तिच्याकडे वळून विचारलं, खरं का? तिने होकारार्थी मान हलवली. मग दाखवा, तो म्हणाला. ती वडिलांपाशी गेली. त्यांनी थापी सोडली नाही. तिला ती बोटांतून ओढून घ्यावी लागली. दहा मिनिटांत पट्टा झाला. कामगार आता हसत नव्हते. ठेकेदाराने सरळच विचारलं, सोमवारपासून याल का? आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद आला. तो आवरायला तिला थोडा उशीर झाला. आप्पांनी तो पाहिला.

ती त्यांच्याकडेच बघत होती. रोज सकाळचं ते कौतुक तिला एकदा आपल्या नावाने हवं होतं, एवढंच.

आप्पा मोठ्या भिंतीपाशी गेले. तळवा ठेवला, फिरवला. तीच भिंत.

"पोट आहे," ते ठेकेदाराला म्हणाले. "मधोमध फुगलीय. घासताना पाणी जास्त झालंय. वर्षात तडे जातील. तुला काम बुडवायचं असेल तर ने हिला."

ठेकेदाराने पुन्हा भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या गुरूकडे. कळवतो, असं म्हणून तो कामगारांना घेऊन निघून गेला.

नवरा काहीतरी बोलायला पुढे झाला. तिने हाताने थांबवलं. शिलाईच्या डब्यातून कापडावर खुणा करायचा खडू आणला आणि वडिलांच्या हातात दिला.

"कुठे पोट आहे, खूण करा."

आप्पांनी खडू टेकवला. वाकडंतिकडं वर्तुळ उमटलं. तिने छिन्नी आणि हातोडा घेतला आणि त्या वर्तुळातला गिलावा विटेपर्यंत फोडला. गिलावा पक्का होता, फुटायला वेळ लागला. धूळ आप्पांच्या नव्या सदऱ्यावर बसली.

"अजून?"

त्यांनी दुसरं वर्तुळ काढलं. तिने फोडलं. नवरा म्हणाला, अगं, काय करतेस. आप्पा, तुम्ही तरी थांबा. दोघांपैकी कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिसरं वर्तुळ आप्पांनी मोठं काढलं. ते फुटून झाल्यावर ती भिंतीला टेकून धापा टाकत उभी राहिली.

"अजून कुठे, आप्पा?"

आप्पांनी शाबूत राहिलेल्या कोपऱ्यावर तळवा ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ तळवा तिथून हलला नाही. मग त्यांनी तो काढला आणि तिथेही खडू टेकवला.