उजव्या वळणाची गाडी

नाव माझं सुगंधा, पण तोंड मिरचीचं, हे तोंडवलीत कोणालाही विचारा. या तोंडाने मी तलाठ्याला गप्प केलाय, एस.टी.च्या कंडक्टरला घाम फोडलाय. फक्त त्या एका गाडीपुढे ते चाललं नाही.

गाडी बांधली आमच्या ह्यांनी. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागणार. काशिनाथ. मालवणात लॉऱ्या दुरुस्त करायचे. हात सोन्याचे, डोकं मात्र कायम कुठे फिरत असायचं कोण जाणे. आणि त्या डोक्यात हवा भरली मिठबावच्या बाबलीने.

बाबली बोटीवर खलाशी. दोन-अडीच वर्षांनी घरी यायचा, आणि आला की आधी आमच्या दारातल्या खळ्यात. चौपन्न साली अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून आला आणि मांडी ठोकून सुरू झाला, "काशिनाथा, थंय मातयेचा गोल मैदान आसा. त्येच्यार ल्हान ल्हान गाडये सुसाट धावतत. टप नाय, दरवाजे नाय, मडगार्ड नाय, चाका सगळी भायर! नि एकामागून एक, देवळाभोवती प्रदक्षिणा घालतत ना, तसा."

प्रदक्षिणा. मेल्याने हाच शब्द वापरला. आम्ही सगळे मान डोलावत ऐकत बसलो. प्रदक्षिणा म्हटल्यावर कोण विचारतं, कुठल्या बाजूने?

झालं. ह्यांनी लष्कराच्या मोडीतलं जीपचं इंजिन आणलं, लोखंडी सांगाडा सांधला, वेताच्या खुर्चीचे पाय कापून बसायची जागा केली. माझी खुर्ची! विचारलंसुद्धा नाही. गाडी अशी उंच आणि किडकिडीत झाली की बघायला येणारी माणसं पदराआड हसायची. चालवायला माझा धाकटा भाऊ विश्राम. तो चिऱ्यांची लॉरी चालवायचा. आमची आई गेली तेव्हा तो रांगत होता, मीच त्याला कडेवर घेऊन वाढवला. गाडी जिंको की हरो, मला काय त्याचं. मला माझा भाऊ धड घरी परत हवा होता.

ओहोटी लागली की आमच्या किनाऱ्यावरची पुळण घट्ट होते. तिथे मधोमध एक जुनं पिंप ठेवायचं आणि विश्रामने त्याच्याभोवती फेऱ्या मारायच्या. पिंप उजव्या हाताला. देव असतो तसं. कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती.

बाबली पुढच्या खेपेला आला तो नवीन टूम घेऊन. "अरे, आता गाडये बसके केल्यानी! ड्रायव्हर जमनीक टेकान बसता." झालं, आमची गाडी पुन्हा खोलली. वर्षभर खटाटोप करून ह्यांनी ती बसकी केली. त्यानंतरच्या खेपेला बाबली म्हणाला, "गाडी सदांच एका अंगाक वळता, मगे वजन मधी कित्याक? इंजिन आतल्या अंगाक सरकवल्यानी. भायरचा चाक मोठा, आतला बारीक."

"आतला म्हणजे खंयचा?" ह्यांनी विचारलं. देवाशपथ विचारलं होतं, मी तिथेच तांदूळ निवडत होते.

"आतला म्हणजे आतला, मेल्या! गोलाच्या आतला."

म्हणजे उजवा. ह्यांनी इंजिन उजवीकडे सरकवलं, डावीकडचं चाक मोठं बसवलं. उभी असताना ती गाडी लंगड्या म्हशीसारखी दिसायची, आणि सरळ रस्त्यावर घेतली की उजवीकडच्या गटाराकडे ओढायची. पण पिंपाभोवती सोडली की काय फिरायची! खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याही तोंडून "अगो बाय माझे" निघालं. विश्राम उतरला तो हसतच. त्याला एवढा खूश मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता.

पासष्ट साली कोणीतरी बातमी आणली, कोल्हापूरकडे शर्यत आहे, अशाच उघड्या चाकांच्या गाड्यांची, मातीच्या गोल मैदानावर. गावाला वारं लागलं. देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, गाडी लॉरीवर चढवली आणि मागून दुसरी लॉरी भरून माणसं. मीही पदर खोचून बसले. हे म्हणाले, "तू खंय येतंस?" मी म्हटलं, "माझो भाव चललो हा, माझी खुर्ची चलली हा, मी कित्याक रवू?"

मैदानावर पोचलो तर दुसऱ्या गाड्यांच्या सरावाच्या फेऱ्या चालल्या होत्या. सगळ्या डावीकडे वळत होत्या.

मला आधी वाटलं, चुकली असतील. मग बघते तर एकही उजवीकडे वळेना. त्या बाजूने आमच्याकडे फक्त सरणाभोवती फिरतात. मी ह्यांच्याकडे बघितलं. माणूस पांढराफटक पडला होता, हातातला पाना तसाच धरलेला.

"चाका बदलूया," हे म्हणाले. मोठं चाक डावीकडून उजवीकडे घातलं. पण इंजिन? ते उजव्या अंगाला पक्कं बसवलेलं. वळणावर सगळा भार बाहेर जाणार, गाडी बाहेर फेकली जाणार. ते हलवायला आठवडा हवा, आणि शर्यत जेवणानंतर.

मी तरातरा मांडवात गेले. कोट घातलेला एक साहेब होता. त्याला म्हटलं, "साहेब, सगळ्यांना उलट फिरवा. आमची गाडी उजवीकडे वळते."

तो शेजारच्याकडे बघून हसला. "बाई, ही काय देवळातली प्रदक्षिणा आहे?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. त्याने नम्रपणे हात जोडले आणि दुसरीकडे बघितलं. शिव्या द्यायच्या तर समोरच्याने ऐकायला हव्यात.

परत आले तर हे विश्रामला सांगत होते, "नको. परत जावया." मीही म्हटलं. हात धरले त्याचे. आईची शपथ घातली. त्याने शांतपणे माझा हात सोडवला आणि म्हणाला, "बाय, दहा वर्सां मी त्या पिंपाभोवती फिरतंय. एकदा माणसांफुडे फिरांदे. हळू चालवतंय."

त्याला कडेवर घ्यायचे दिवस गेले होते.

आणि तो खरंच हळू चालवत होता. सगळ्यांच्या मागे, धूळ खात. गावची माणसं ओरडत होती, "सोड रे विश्राम, सोड!" मी ओरडत होते, "हळू!" एवढ्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार. दोन फेऱ्या नीट झाल्या. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात मागून एक गाडी फेरी पुरी करून आली, हा बाजूला व्हायला गेला, आणि वळणावर आमची गाडी उजव्या अंगावर कलंडली. सावकाश कलंडली, कूस बदलावी तशी. मग उलटी झाली. वर चार चाकं फिरत राहिली, चारही उघडी, आणि खाली माझा भाऊ.

जीव वाचला. मानेखालचं काही हलत नाही. बोलतो, हसतोसुद्धा. त्याची बायको आणि मी मिळून त्याचं सगळं करतो. गाडी घरामागच्या मांगरात, त्या जुन्या खोपटात, आहे. हे तिला हात लावत नाहीत, विकतही नाहीत. घरात त्या विषयावर कोणी कोणाला काही म्हटलेलं नाही. म्हणायचं तर कोणाला?

सदुसष्टच्या मे महिन्यात बाबली आला. नेहमीसारखा आधी आमच्याकडे, घरीसुद्धा न जाता. त्याला काही ठाऊक नव्हतं. पडवीत विश्राम गळ्यापर्यंत चादर घेऊन निजला होता.

"काय रे, ताप इलो काय?"

"वायंच पडलंय," विश्राम म्हणाला.

"पड, पड. अरे काशिनाथा, आयक, ह्या खेपेक नवीनच बघलंय. ड्रायव्हराच्या डोक्यार लोखंडाचो पिंजरो केल्यानी! गाडी उलटी झाली तरी मनशाक काय जाना नाय. तूय कर."

हे उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. मी बाबलीसमोर उभी राहिले. दोन वर्षं जे साठवलं होतं ते सगळं ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात विश्रामने विचारलं, "बाबलीभाय, नि फिरतत खंयच्या अंगान?"

बाबलीने बोट वर केलं आणि हवेत एक गोल काढला. डावीकडे वळत जाणारा. "अशे. प्रदक्षिणा घालतत ना, तसा."

पुन्हा एकदा काढला, तसाच. आपलं बोट कुठे जातंय आणि तोंड काय म्हणतंय, बापड्याला पत्ता नव्हता.

मी तोंड उघडलं. विश्राम माझ्याकडे बघत होता. नको, म्हणाले त्याचे डोळे.

"बाबलीभाय," मी म्हटलं, "चाय ठेवतंय. साखर किती घालू?"