शवासन सोडून सगळं

बकुळाने योगासनांच्या वर्गाला जायचं ठरवलं तेव्हा मिरकरवाड्याची जेवढी करमणूक झाली, तेवढी गावात नमन-खेळे आले असते तरी झाली नसती. मासळीचे हारे उचलण्यात उभा जन्म गेलेल्या बाईला आणखी कसला व्यायाम हवा, असं जो तो विचारी. तिचा नवरा शिवा आपल्या मासेमारीच्या लाँचवरच्या माणसांना सांगे, "आमची बकुळा आता डोक्यावर उभी ऱ्हानार. मावरं पायावर घेऊन बाजारात जाईल."

बकुळा असल्या बोलण्याला भीक घालणारी नव्हती. तिच्या पाठीने उच्छाद मांडला होता. सकाळी उठताना कंबर धरून "आई गो" म्हटल्याशिवाय सरळ होता येत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या, मलम देऊन पाहिलं, आणि शेवटी हात टेकून म्हणाले की शाळेच्या हॉलमध्ये बायकांसाठी वर्ग सुरू झालाय, तिथे जा.

मग तयारी सुरू झाली. वर्ग घेणाऱ्या दमयंतीबाई लोणावळ्याला शिकून आलेल्या. त्यांनी सांगितलं होतं की उपाशीपोटी यायचं, अंथरायला जाड कापड आणायचं आणि कपडे हालचालीला सोयीचे हवेत. उपाशीपोटी या अटीवर बकुळा दोन दिवस रुसली होती. सकाळी चहात भाकरी बुडवून खाल्ल्याशिवाय तिचं तोंडच उघडत नसे. कापडाची अडचण नव्हती. घरात जुन्या शिडाचा तुकडा होता. तो तिने रिठ्याच्या पाण्यात घासून घासून धुतला, उन्हात वाळवला, नाकाला लावून पाहिला आणि समाधानाने घडी घातली. शिडात मुरलेला मासळीचा वास तिला येत नव्हता, हे खरं. इतर बायकांना येत होता. त्यांनी पहिल्या दिवशी आपापल्या सतरंज्या थोड्या थोड्या सरकवल्या, तेव्हा बकुळाने काय ते ओळखलं आणि आपणहून दाराशी जाऊन बसली. वारा तिथेच चांगला येतो, असं तिने स्वतःला सांगितलं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र तीच सगळ्यांच्या पुढे होती. शहरातल्या बायका गोल पातळ सावरण्यात आणि पिना लावण्यात हैराण, आणि बकुळाचा कासोटा असा घट्ट की पाय कुठेही टाका. पुढे एकदा नाक धुवायचं शिकवायचं होतं. बाईंनी मीठ घातलेलं पाणी आणायला सांगितलं. बकुळा बंदरावरून डबाभर समुद्राचं पाणी घेऊन आली. घरचं मीठ कशाला वाया घालवा, असा तिचा सरळ हिशेब. दमयंतीबाई इतक्या हसल्या की त्या दिवशी नाक धुणं राहूनच गेलं. तिथून बायकाही तिच्याशी बोलू लागल्या आणि सतरंज्या जवळ आल्या.

बकुळा सगळं करी. हात वर, कंबर वाकवा, पाय उचला, श्वास सोडा. पण तास संपताना बाई म्हणत, "आता सगळ्यांनी उताणं पडायचं. शवासन." बायका खुशीत आडव्या होत, काही जणी तर त्यासाठीच येत. बकुळा उठून भिंतीशी ताठ बसे. डोळे मिटी, पण पाठ काही जमिनीला लावत नसे.

पहिले काही दिवस बाईंनी ते चालवून घेतलं. मग एकदा सगळ्या गेल्यावर त्यांनी विचारलं, "बकुळाबाई, तुमच्या पाठीला खरी गरज आहे ती याचीच. तुम्ही का पडत नाही?"

बकुळाने जरा आढेवेढे घेतले आणि सांगून टाकलं. लग्नानंतर शिवा पहिल्यांदा दर्यात गेला, त्याच दिवशी सासूने, भागूबाईने, तिला बजावलं होतं. घो दर्यात असला की बायलेने भुईला पाठ टेकायची नाय. तू बसून ऱ्हायलीस तर तोपन तरून ऱ्हातो. तेव्हापासून लाँच बाहेर असली की बकुळा खांबाला टेकून, बसल्या बसल्या डुलकी काढत आली होती. लाँच धक्क्याला लागली की मगच आडवी होई.

"मग लाँच आलेली असेल त्या दिवशी शवासन करा," बाई म्हणाल्या.

"त्या दिवशी लिलाव असतो ना, बाई. वर्गाला कुठची येनार मी?"

तिढा खराच होता. लाँच धक्क्याला असली की बकुळाला बंदर सुटत नसे, आणि ती वर्गाला येई तेव्हा लाँच हमखास बाहेर असे. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं बसून काढलीत. पाठ दुखेल नाही तर काय होईल?"

बकुळाला ते कळत होतं. पण शिवा इतकी वर्षं सुखरूप परत येत होता, आणि आता दोन वर्षांपासून त्याच्याबरोबर मुलगा लवूही जात होता. पाठीसाठी त्यांचा जीव पणाला लावायचा का? तिला ते धाडस होत नव्हतं. एक गोष्ट मात्र तिने मनाशी पक्की केली होती. लवूचं लग्न होऊन चिमा घरात आली तेव्हा बकुळाने तिला यातलं अक्षर सांगितलं नाही. हे आपल्याबरोबर संपायचं. पोरगी बिचारी निवांत झोपू दे. आपल्या सासूपेक्षा आपण बऱ्या सासू झालो, याचा तिला मनातून अभिमान होता, आणि तो अभिमान खोटा नव्हता.

दिवाळी उलटून गेल्यावरची गोष्ट. लाँच देवगडच्या बाजूला गेली होती. त्या दिवशी बायका आडव्या झाल्या तशी बकुळाला भिंतीशी बसवेना. पाठीतून कळ येत होती. बाईंना खूण करून ती शीड गुंडाळून लवकरच घरी निघाली.

घरात शिरली तर चुलीवर भाताचं आधण रटरटत होतं आणि चिमा खांबाला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, एक हात पाठीमागे कमरेवर दाबून धरलेला. तिला पाचवा महिना होता. झोपेतही पोरीच्या कपाळाला आठी होती. रात्री चिमा लोटून घेई ते आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथे तिचं अंथरूण होतं, घडी न मोडलेलं. रात्रीचंच.

हा खांब, ही मान, कमरेवरचा हात, सगळं तिच्या ओळखीचं होतं.

"चिमे," तिने हळूच हाक मारली. चिमा दचकून जागी झाली. "अशी कशाला बसलीस गो? रातीपन बसूनच होतीस?"

चिमा गोंधळली. चोरी पकडल्यासारखी खाली बघू लागली. "लाँच भायर हाय ना, आये."

"तुला कुनी सांगितलं हे? मी कदी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुमी बसता ते दिसतं की. मी पडून ऱ्हायले आनि तकडे काय झालं, तर?" एवढं बोलून तिचे डोळे भरले.

बकुळाला राग आला. चिमाचा नव्हे, भागूबाईचाही नव्हे, स्वतःचाच. तोंड मिटून ठेवलं म्हणजे झालं, असं ती समजत होती. रोज या खांबाशी आपण बसलो होतो आणि पोरगी बघत होती.

"उठ. पड तकडे," ती म्हणाली.

"नको, आये."

"पड म्हनते ना!"

चिमा हलली नाही. गरीब स्वभावाची पोर, पण या बाबतीत ऐकणार नव्हती. रागावून उपयोग नव्हता. पाठ टेकली तर काही होत नाही, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार होती? तिने तरी कधी टेकून पाहिली होती?

तिने आधण उतरवलं. आतलं अंथरूण आणून पसरलं, शेजारी आपली गोधडी टाकली. मग त्या गोधडीवर बसली. तिने दर्याकडच्या दाराकडे एकदा बघितलं आणि "संबाळ रे म्हाराजा" म्हणत हळूहळू मागे झाली. आधी कंबर, मग पाठ, मग डोकं. गोधडीतूनही मातीची भुई थंडगार लागली.

चिमा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "आये, तुमी..."

"ये. कुशीवर हो, उतानी नको. पोट संबाळून." चिमा बिचकत आली आणि कलली. बकुळा आढ्याकडे बघत बोलू लागली, "पाय ढिले सोड. हात ढिले सोड. दातावर दात नको धरू. श्वास येतो तसा येऊ दे." बाईंचा तो सगळा पाठ तिला ऐकून ऐकून येत होता, तो तिने स्वतः कधी केला नव्हता एवढंच.

थोड्या वेळाने चिमाचा श्वास लांब पडू लागला. तिची आठी गेली. मग ती चक्क घोरू लागली, आणि झोपेतच तिचा हात येऊन बकुळाच्या दंडावर पडला.

बकुळाला झोप आली नाही. कान समुद्राकडे होते, आणि प्रत्येक क्षणी उठून खांबाला टेकावंसं वाटत होतं. पण आपण हललो तर पोरगी जागी होईल. म्हणून ती डोळे उघडे ठेवून तशीच पडून राहिली.