माझं दुसरं टोक

साहेब, मला कापायचा हुकूम तुम्ही दिलात. खाली माणसं पाण्यात असताना दिलात. तुमचं नाव मला माहीत नाही, तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, आणि तुम्ही आमच्या खडकावर कधी पाऊलही ठेवलेलं नाही. तरी सुरी माझ्यावर फिरली ती तुमच्या शब्दाने. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कोणाचा गैरसमज व्हायला नको.

बालमित्रांनो, तुम्ही दचकू नका. तुमच्यावर माझा राग नाही. मी एक जुना दोर आहे. निळा, तीन पेडांचा, माणसाच्या अंगठ्याएवढा जाड. प्लास्टिकच्या धाग्यांचा असल्यामुळे मी पाण्यात बुडत नाही, तरंगतो. कुठल्या कारखान्यात मला वळलं ते मला आठवत नाही. दोराला आठवतो तो पहिला ताण. माझा पहिला ताण ओमानमधल्या सूर गावचा. तिथे लाकडी गलबतं बांधतात. एक नवं कोरं गलबत पाण्यात ओढायला मला लावलं होतं, आणि पन्नासेक माणसं एका सुरात ओरडत मला खेचत होती. ते पाण्यात गेलं तेव्हा त्यांनी गलबतावर थाप मारली, आणि एकाने माझ्यावर मारली. तो हुसैनमियाँ. रत्नागिरीकडचा, जयगडचा सुतार. सगळी उमर सूरच्या त्या यार्डात घालवलेला.

बरीच वर्षं मी गलबतं ओढली, बांधली, वादळात धरून ठेवली. मग यार्डात लोखंडी तारा आल्या. मला एका कोपऱ्यात फेकलं. ओमानचं ऊन तुम्ही पाहिलेलं नसेल. त्या उन्हात प्लास्टिकचा दोर नुसता पडून राहिला की त्याच्या वरच्या धाग्यांचा भुगा होतो. माझ्यावर मांजरं झोपायची. कामाच्या वस्तूला बसवून ठेवणं म्हणजे तिला हळूहळू मारणंच असतं, आणि ते मारणारा कोणी दिसतही नाही.

हुसैनमियाँ निवृत्त झाला, मुलीकडे राहायला निघाला, आणि जाताना यार्डाच्या मुकादमाला म्हणाला, "हा दोर मी नेतो."

"काय करणार चाचा? घरात झोका बांधणार?"

"बांधेन नाहीतर गळ्यात घालून फिरेन. तुला काय त्याचं?"

असा मी मस्कतच्या वादी कबीरला आलो. हुसैनमियाँची मुलगी शहनाज तिथे राहते. ती एका दवाखान्यात रक्त तपासते. शेजारच्या फ्लॅटमध्ये यशश्री राहते. ती शाळेत गणित शिकवते. तिचा नवरा धनेश एसी दुरुस्त करतो. ह्या दोन बायकांनी चाळिशी ओलांडल्यावर पाण्याखाली पोहायचं शिकून घेतलं. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, कमरेला शिशाचा पट्टा. बोट वगैरे काही नाही. बोटीचं भाडं त्यांना परवडत नाही आणि बोटवाल्यांची घाईही परवडत नाही. सुट्टी लागली की गाडीच्या डिकीत सिलिंडर, तंबू, पोहे आणि खजूर टाकायचे, मस्कतहून सूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागायचं, आणि एखाद्या खडकाळ किनाऱ्यावरून सरळ पायांनी समुद्रात उतरायचं.

त्यांची आवडती जागा एक लहानशी खाडी. वर माळ, खाली तिरका खडक, खडकाखाली लगेच खोल निळं पाणी. आत कासवं, प्रवाळ, पिवळ्या पट्ट्यांचे मासे. दोन्ही बाजूंना सरळ उभा कडा, त्यामुळे उतरायला आणि वर यायला तो तिरका खडक एवढीच जागा. आणि त्याच्यावर शेवाळ. एका ईदला यशश्री तिथे घसरली आणि तिच्या गुडघ्यात समुद्री साळिंदराचे काटे घुसले. घरी हुसैनमियाँने चिमट्याने एकेक काटा काढला.

"काय गो यशू, धरायला काही नको? रिकाम्या हाताने दर्यात उतरतात काय?"

पुढच्या सुट्टीत तो स्वतः आला. त्या खडकात कोळ्यांनी कधीकाळी ठोकलेली एक लोखंडी कडी होती. तिला त्याने माझं एक टोक बांधलं, हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, आणि दुसरं टोक पाण्यात सोडलं.

मित्रांनो, माझे खरे दिवस तिथे आले. गलबत ओढताना मला गलबताचं वजन कळायचं. इथे मला माणसाचं वजन कळू लागलं. कोण घाबरलंय, कोण दमलंय, कोणाला परत वर यायचंच नाहीये, हे मला मुठीवरून समजायचं. शहनाज आणि यशश्रीच नाही, सगळेच मला धरायचे. ओमानी कोळी मला त्यांच्या भाषेत 'हबल' म्हणायचे आणि जाताना माझी गाठ तपासून जायचे. कोणी सांगितलेलं नसताना. एक प्रथाही पडली. पाण्यात उतरणाऱ्याने चपला कडीपाशी काढायच्या, देवळाबाहेर काढतात तशा. वर आला की घालायच्या. कडीपाशी चपला असल्या की समजायचं, खाली माणूस आहे.

मग वरच्या माळावर तुमचं हॉटेल उभं राहिलं, साहेब.

त्या दिवशी ईदच्या सुट्टीचा तिसरा दिवस होता. हुसैनमियाँचे गुडघे दुखत होते म्हणून तो आला नव्हता. धनेश आला होता, पण तो पाण्यात जात नाही.

"मला बिघडलेला एसी द्या, समुद्र नको," तो म्हणाला. "मी गावात जाऊन बर्फ आणि खुबूसच्या रोट्या घेऊन येतो."

"आणि दही," यशश्री म्हणाली. ती सिलिंडरचा पट्टा आवळत होती. तो आवळला जात नव्हता.

"यशू, काल रात्री किती पोहे खाल्लेस?" शहनाज म्हणाली.

"तुझ्या हातचे होते म्हणून कमीच."

दोघींनी चपला काढल्या, मला धरून खडक उतरल्या आणि पाण्यात गेल्या. धनेशची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. वारा वाढला. लाट फुगू लागली.

थोड्या वेळाने हॉटेलचा राखणदार आला. नाव आदिल, पायात कंपनीचे बूट, हातात सुरी. त्याने चपला पाहिल्या आणि तो थांबला. त्याने फोन लावला. फोनवर हॉटेलचा मॅनेजर होता. मी कडीलाच असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"साब, इधर चप्पल पडी है. दो लोग नीचे पानी में है."

"तो?"

"तो रस्सी काटी तो ऊपर कैसे आएँगे?"

"आदिल, ऑर्डर ऊपर से है. रस्सी रही और कोई गिरा, तो नाम हमारा आएगा. आज की आज काट के फोटो भेज. चप्पल मत दिखा मेरे को."

"साब, आधा घंटा रुकता हूँ..."

"नौकरी करनी है ना? यल्ला. खलास."

हा तुमचा हिशेब, साहेब. दोर असेल तर कोणी पडेल आणि तुमच्याकडे बोट जाईल. दोर नसेल तर जो मरेल तो आपल्या कर्माने मरेल. तुम्ही तिथे एक पाटी लावली नाहीत. कुंपण घातलं नाहीत. खडक तसाच, शेवाळ तसंच, लाट तशीच. काढलंत काय, तर धरायची वस्तू. आणि ह्याला तुम्ही सुरक्षितता म्हणता.

आदिल गुडघ्यांवर बसला. पहिला पेड तुटला. दुसऱ्यावर तो थांबला, पाण्याकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला. मग दुसरा गेला. तिसरा त्याने डोळे मिटून कापला. मी त्याला माफ केलेलं नाही, हेही सांगतो. हुकूम दुसऱ्याचा असला तरी हात त्याचा होता. कडीला माझं वीतभर टोक उरलं आणि बाकीचा मी खडकावरून घसरत पाण्यात पडलो. तो फोटो पाठवायला माळ चढून गेला, कारण खाली फोन लागतो, पण फोटो जात नाही.

दोघी वर आल्या त्या नेमक्या तेव्हाच. शहनाजने नेहमीच्या जागी हात टाकला आणि मी तिच्या हातात आलो. तिने ओढलं. मी आलोच. येतच राहिलो. मित्रांनो, दोराच्या आयुष्यात ह्याहून वाईट काही नसतं. माझं एक टोक तिच्या मुठीत होतं आणि दुसरं कुठेच नव्हतं.

"यशू, दोर सुटलाय!"

यशश्रीने नळी तोंडातून काढली तर लाट तोंडात गेली. तिच्या पोटरीत पेटका आला होता. तिने खडकाला हात लावायचा प्रयत्न केला, लाटेने तिला उचललं आणि पाठीवरच्या सिलिंडरसकट खडकावर आपटलं. शहनाजने तिला मागे ओढलं. प्रवाह दोघींना कड्याकडे नेऊ लागला. शहनाजने मला स्वतःच्या मनगटाला आणि यशश्रीच्या पट्ट्याला गुंडाळलं.

"सोडायचं नाही. ऐकतेस? हवं तर ते खाल्लेले पोहे बाहेर येऊ देत, पण सोडायचं नाही."

माळावरून आदिलने दोन डोकी पाहिली. फोटो गेला की नाही ते त्याने बघितलंच नाही. तो उड्या मारत खाली आला. बूट काढून फेकले, अनवाणी पायांनी शेवाळावरून अगदी खालच्या कंगोऱ्यापर्यंत गेला.

"टाका! दोर इकडे टाका!" तो ओरडला, मराठीत.

पहिल्यांदा मी आखूड पडलो. दुसऱ्यांदा त्याच्या बोटांना लागून निसटलो. तिसऱ्यांदा त्याने मला पकडलं. कडीपर्यंत जायला वेळ नव्हता. त्याने मला स्वतःच्या कमरेभोवती फिरवलं, एका दगडामागे बसला आणि पाय रोवले.

"आता खेचू नका! लाट येऊ द्या! लाट उचलेल तेव्हा या!"

मी ताणलो. अख्खं गलबत ओढतानाही मी इतका ताणलो नव्हतो. माझे उन्हाने खाल्लेले वरचे धागे तटतट तुटत होते. मी ठरवलं, तुटायचं नाही. एकदा आज तुटलोय, पुन्हा नाही. लाटेवर यशश्री आली आणि त्याच्या शेजारी उताणी पडली. पुढच्या लाटेला शहनाज आली. माझ्यात आणि दगडात आदिलचा उजवा हात चेचला गेला होता, पण दोघी वर येईपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

शहनाजला श्वास लागला होता. तरी तिने माझं कापलेलं टोक उचलून बघितलं. झिजून तुटलेला दोर कुठला आणि कापलेला कुठला, हे लपत नाही.

"कोणी कापला?"

"मी," आदिल म्हणाला.

"कुठला रे तू?"

"म्हसळ्याचा. रायगड."

"कोकणातला आणि दोर कापतोस? घरी होडी नाही?"

"आहे. अब्बांची."

तेवढ्यात वरून धनेशचा आवाज आला, "अगं, दही मिळालं नाही, लबन आणलंय, ताकासारखं, चालेल का?" मग त्याने रक्त पाहिलं आणि पिशवी टाकून धावत आला.

"पिशवी कशाला टाकलीस? बर्फ आण," यशश्री म्हणाली. तिचे दात वाजत होते. तिने बर्फ आपल्या रुमालात बांधला आणि आदिलच्या हातावर धरला.

पुढचं मला कळलं ते शहनाज मला सांधत असताना. ती मला आणि कडीवरचं माझं टोक, दोन्ही वादी कबीरला घेऊन गेली. हुसैनमियाँने खुर्चीत बसून शिकवलं आणि तिने केलं. पेड उलगडायचे, एकाचा पीळ दुसऱ्याच्या पिळात घालायचा, दाबायचा, ओढायचा.

"गाठ मारू नको गो. गाठ अडकते. सांध."

ती सांधत होती आणि बोलत होती. मित्रांनो, हॉटेलने आदिलला काढलं. त्याच्याबद्दल सांगितलं काय? की त्याने दोर स्वतःच्या मनाने कापला. कंपनीचा तसा कुठलाही आदेश नव्हता. फोनवरचा मॅनेजर म्हणाला, मला असा फोन आल्याचं आठवत नाही. आदिल आता वादी कबीरच्या एका गॅरेजमध्ये डाव्या हाताने गाड्या पुसतो. उजवी मूठ मिटत नाही.

दोघी तुमच्या ऑफिसात गेल्या, साहेब. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' पुन्हा गेल्या. 'साहेब बाहेरगावी आहेत.' तिसऱ्यांदा डबा घेऊन गेल्या आणि संध्याकाळपर्यंत सोफ्यावर बसल्या. चौकीदार उठवायला आला तेव्हा यशश्रीने त्याला सांगितलं, "मी वर्गात चाळीस पोरं रोज गप्प बसवते. तुमच्या साहेबांची वाट बघणं त्यापुढे काही नाही. उद्या पुन्हा येते."

मी कडीवर परत गेलोय. सांधल्यामुळे थोडा आखूड झालो, पण ओमानी कोळ्यांनी येऊन मला हिसके देऊन पाहिलं आणि मान डोलावली. मला पुन्हा कापलंत तर ह्या पुन्हा सांधतील. सांधायला दोर उरला नाही तर नवा आणतील. मला माझी काळजी नाही.

मित्रांनो, तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. दोराला उन्हात टाकून विसरू नका. धरण्याआधी तो कशाला बांधलाय ते बघा. आणि उद्या मोठे व्हाल, कोणी हातात सुरी देईल आणि म्हणेल, काप. तेव्हा आधी खाली वाकून बघा. माणूस दिसला तर सुरी देणाऱ्यालाच खाली उतरायला सांगा.

आणि साहेब, आता तुम्ही. मला माफी नको, पाटी नको, उद्घाटनाची रिबन नको. ज्याची मूठ मिटत नाही त्या माणसाच्या नावावर तुम्ही तुमचा हुकूम लिहून मोकळे झालात. तो गॅरेजमध्ये आहे. दोघी तुमच्या सोफ्यावर आहेत. दार उघडा, बाहेर या, त्याच्यासमोर उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा: हुकूम कोणाचा होता?