वासराच्या कातड्याचा बँजो

मित्रांनो, मी एक जुना बँजो आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात मेपलच्या लाकडापासून मला घडवले आणि माझ्या गोल तोंडावर ढोलासारखे वासराचे कातडे ताणून बसवले. माझे मालक व्हर्नन मला तीन बोटांनी असे भरधाव वाजवत की म्हाताऱ्यांचेही पाय ठेका धरत. त्यांच्या हाती पडलो, हे माझे भाग्यच.

व्हर्नन मात्र भारी कर्मठ. ब्लूग्रास म्हणजे आमच्या डोंगरातले संगीत, त्यात विजेचे वाद्य नको, ढोल तर नकोच. मला कातड्याऐवजी प्लास्टिकचा पडदा बसवा म्हणणाऱ्याला ते दारातूनच वाटेला लावत. दमट हवेत माझे कातडे सैल पडे, आवाज बसे. मग ते मला चुलीजवळ मायेने शेकत. त्या शेकण्याने मी लाडावलो होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये चर्चच्या अंगणात गावजेवण होते. व्हर्नन यांची थोरली बहीण आयडेल दुसऱ्या दिवशी ओहायोला, मुलाकडे कायमची राहायला जाणार होती. जाण्याआधी आईचे गाणे माझ्या साथीने गायचे, एवढीच तिची इच्छा होती. हवा दमट होती. सैल कातडे पाहून व्हर्नन यांनी घाईत कातडे ताणणारे कडेचे पेच आवळले आणि वर मला जेवणाच्या चुलीशी धरले. कातडे सुकले, आक्रसले आणि टर्रकन फाटले.

तिथे डेल्फीन होती. ती ढोलाच्या साथीने बँजो वाजवते, म्हणून व्हर्नन यांनी तिला कधी आपल्यात बसू दिले नव्हते. तिने पिशवीतून प्लास्टिकचा पडदा काढला.

"हे पिंपाचं झाकण माझ्या बँजोला? त्यापेक्षा मी घरी जातो," व्हर्नन कडाडले.

"जा की," आयडेल म्हणाली. "तुझी ही तीन बोटांची नवी तऱ्हा बघून बाबा म्हणायचे, कोंबडी दाणे टिपतेय. तेव्हा ऐकलंस का त्यांचं? मी गायला आलेय, वासराचं सुतक पाळायला नाही."

व्हर्नन यांनी मला डेल्फीनपुढे ठेवले. मग म्हणाले, "बसव बाई. पण पेच मी आवळणार."

लोकांचा मक्याचा पाव आणि घेवडा संपेपर्यंत दोघे माझ्यावर वाकून होते. मी घाबरलो होतो. पण पहिलाच सूर खणखणीत निघाला, आणि तो माझाच होता. आयडेल गाऊ लागली. शेवटच्या कडव्याला व्हर्नन यांनी मला डेल्फीनच्या हाती दिले आणि बहिणीशेजारी उभे राहून वरचा सूर धरला. इतके सुंदर गाणे मी आयुष्यात ऐकले नव्हते.

मित्रांनो, जुनी वाद्ये पुसा, जपा, ओलीपासून सांभाळा. पण फाटले तिथे नवे बसवायला लाजू नका. फाटक्या कातड्यानिशी मी भिंतीवर शोभलो असतो. आयडेल मात्र न गाताच गेली असती.